चुन्याविना तुरटी

मे २०१२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने पिण्याच्या पाण्याचे सुधारित मानक काढले. त्यात अॅल्युमिनियमची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ०.२ मिलिग्रॅमपर्यंत चालते. ही मर्यादा पाणी पिणाऱ्या माणसासाठी. पाण्यातच राहणाऱ्या माशाचा विचार त्या तक्त्यात नाही, आणि टिटवाळ्याच्या धोंडिबानेही तो २०२३च्या जुलैत केला नाही.

धोंडिबाची सारी नोकरी फिल्टर प्लांटवर गेली. तुरटीच्या लाद्या फोडायच्या, हौदात विरघळवायच्या आणि केमिस्ट सांगेल तेवढी तोटी सोडायची. निवृत्तीनंतर सोसायटीच्या आवारातली जुनी विहीर त्याने आपण होऊन सांभाळायला घेतली. टँकर चुकला की अख्ख्या इमारतीची धुणीभांडी तिच्यावर निघत. त्या जुलैत विहिरीचे पाणी दुधाच्या चहासारखे झाले, तेव्हा तळमजल्यावरच्या योगिनीताई म्हणाल्या, "काका, करा ना काहीतरी. तुमचं तर खातंच ते!"

धोंडिबा फुलला. बाजारातून गोणीभर तुरटी आणली आणि अंदाजाने विहिरीत सोडली. दुसऱ्या दिवशी तळाशी पडलेली बादली वरून दिसू लागली. लोक कठड्याशी येऊन वाहवा करून गेले. विहिरीतले गप्पी मासे तेवढे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करत होते. भुकेले असतील म्हणून धोंडिबाने मूठभर चुरमुरे टाकले. सकाळी सगळे पांढरी पोटे वर करून तरंगत होते.

ते मासे जूनमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या दर्शनाने सोडलेले. डासांच्या अळ्या खातात म्हणून हिवताप विभाग ते वाटतो, आणि दर्शना त्या विभागात कंत्राटी कामाला. ऑगस्टमध्ये तिची मुदत संपत होती.

"मासे सोडायचे नि पुन्हा ढुंकून बघायचं नाही!" योगिनीताई कडाडल्या. "नासवलीस ना विहीर? थांब, तुझ्या साहेबांनाच फोन लावते संध्याकाळी."

"माझंच चुकलं असेल ताई," दर्शना पुटपुटली. "पिशवी आधी थोडा वेळ पाण्यात धरायची असते. मी घाईत तशीच ओतलेली."

जूनमध्ये घाईत ओतलेले मासे जुलैत कसे मरतील, हे वाक्य धोंडिबाच्या अगदी ओठांवर आले होते. ते त्याने गिळले. चाळणीने मासे गोळा करून तगरीखाली पुरले. "काका आहेत म्हणून निभावतंय," असे मागून कोणीतरी म्हणाले, तेव्हा त्याला मान वर करवेना.

दुपारी त्याने कल्याणच्या परशुरामला, प्लांटवरच्या जुन्या सोबत्याला, फोन लावला.

"तुरटीनं मासे मरतात का रे?"

"किती टाकलीस?"

"गोणी."

"आणि चुना?"

"चुना कशाला?"

पलीकडे परशुराम हसला. "अरे येड्या, तुझ्या भिंतीपलीकडं मी जन्मभर काय भजी तळत होतो? तू तुरटी सोडायचास, मी चुना. नुसत्या तुरटीनं पाणी आंबट होतं. पावसाचं पाणी तर आधीच मऊ, आंबटपणा मारायचा त्यात दमच नसतो."

धोंडिबाला आपल्या कामाचा उरलेला अर्धा भाग असा निवृत्तीनंतर कळला. पाणी आंबट झाले की तुरटीतले अॅल्युमिनियम विरघळलेले राहते. माणसाने ते गिळले तर आतडे बहुतेक सारे अडवते, हजारातले दोन-तीन भाग रक्तात जातात आणि त्यातलेही बरेचसे मूत्रपिंडे बाहेर टाकतात. माशाला तशी सवड नसते. त्याचे कल्ले सतत पाण्यात. अॅल्युमिनियम त्यांवर चिकटते, आत शिरते, वर बुळबुळीत थर साचतो आणि मासा पाण्यातच गुदमरतो. ते मासे चुरमुरे मागत नव्हते.

संध्याकाळी योगिनीताईंनी टँकरच्या रांगेतूनच साहेबांना फोन लावला. दर्शना हंडा घेऊन मागे उभी होती. धोंडिबा पुढे झाला.

"ताई, तिचं नाव घेऊ नका. मासे मी मारले. तुरटी जास्त झाली, आणि चुना टाकायचा असतो हे मला ठाऊकच नव्हतं."

"काहीतरीच काय, काका! तुरटीचं पाणी आपणही पितो. आपण मेलो का?"

"आपण गिळतो, बाई. ते त्यातच श्वास घेतात." त्याने हात पुढे केला. "द्या तो फोन."

साहेबांना त्याने तेच पुन्हा सांगितले. मग दर्शनाकडे वळला. "सकाळीच बोलायला हवं होतं गं. तू शिव्या खात होतीस नि मी चाळण धूत बसलेलो."

रांग पुढे सरकली तशी दर्शनाने हंडा पुढे सरकवला.

तिची मुदत वाढली. धोंडिबाच्या फोनमुळे, की ती तशीही वाढणार होती, हे विभागात कोणी सांगू शकले नाही. दोघांचे बोलणे मात्र पूर्वीसारखे राहिले नाही.

मासे अॅल्युमिनियमनेच मेले, हेही सिद्ध झालेले नाही. नुसत्या आंबटपणाने किंवा पावसाबरोबर वाहून आलेल्या दुसऱ्या कशानेही ते मेले असतील. त्या दिवशी पाण्याचा आम्लपणा कोणी मोजला नाही, नमुना ठेवला नाही, एकही कल्ला तपासला नाही. धोंडिबाला हे समजावून सांगितले, तेव्हा त्याने ते नीट ऐकून घेतले आणि तगरीकडे बघत म्हणाला, "असेल." विहिरीच्या तळाशी बसलेल्या तुरटीच्या गाळातून आता तिथल्या शेवाळात आणि गोगलगायींत किती अॅल्युमिनियम शिरते आहे, ते माहीत नाही.