आत्याचे सोयरे

टिकाववाली आत्या कुठल्याच गोष्टीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारत नसे. दुष्काळात सोनारीकडच्या पाझर तलावाच्या कामावर आमची टोळी होती, आणि त्या टोळीत आत्यानं सगळ्या जगाशी सोयरीक जुळवून ठेवली होती. पाण्याचा टँकर म्हणजे जावई. कधी येईल भरवसा नाही, आला की सगळ्यांनी धावायचं, आणि तरी फुगलेलाच. सोसायटीतून रेशनवर मिळणारा लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, म्हणजे सवत. घशाखाली उतरत नाही आणि घरातून घालवताही येत नाही. ओव्हरसियर अर्थात सासरा.

"सासरं आलं गं," अशी तिची हाळी खड्ड्यातून आली की बसलेल्या बायका पदर सावरत उठायच्या आणि पाट्या उचलायच्या. मी नवी होते तेव्हा तिला विचारलं होतं, सरळ साहेब आला म्हणून का सांगत नाही?

"सायबाला सायब म्हणलं की पाय लटपटतेत. सासरा म्हणलं की नुसता पदर घ्यायचा," ती म्हणाली.

काम जोडीनं चालायचं. एकानं खोदायचं, दुसऱ्यानं पाटी वाहायची. खोदणारे बहुतेक पुरुषच. पण आत्याचा लेक साप चावून गेला, सून घर सोडून निघून गेली, आणि दोन नातवंडांसाठी आत्यानं टिकाव हातात घेतला. तिची पाटी मी वाहत असे. माझा नवरा कामाच्या शोधात सोलापूरकडं गेला होता, त्याची काही खबर नव्हती. मला सातवा महिना लागला होता.

ऊन डोक्यावर आलं की मला भोवळ यायची. मग आत्या म्हणायची, "हिला जरा माहेरी धाडा." माहेर म्हणजे बांधावरची एकुलती एक बाभळ. तिच्या सावलीत मी पडून राहायची आणि शेजारच्या जोड्या माझ्या वाटच्या पाट्या टाकायच्या. त्याला म्हणायचं आहेर. जी आहेर चुकवेल तिला आत्या दिवसभर फाडून खायची. माझे आईबाप केव्हाच गेले होते. त्या बाभळीखाली मी पुष्कळदा तोंडात पदर कोंबून रडले.

मग तलावाचं काम बंद झालं. नवीन काम ईट गावाच्या बाजूला निघालं, न्यायला ट्रक आला, पण फक्त धडधाकट जोड्या घ्यायच्या असा हुकूम होता. माझ्या पोटाकडं बघून मुकादमानं आमची जोडी बाजूला काढली. आत्या गेली आणि टोळीतल्या कोंडाबाईला जोडीदार करून घेऊन आली. नातवंडं ट्रकात चढवली. मग माझ्यासमोर उभी राहिली. तेव्हा मात्र तिला कसलंच नातं सुचलं नाही.

"पोरी, म्या चालले. तुझ्यासंगं ऱ्हायले तर ही दोन्ही लेकरं मरतील," एवढंच ती म्हणाली.

मला राग आला नाही असं कसं म्हणू? ट्रक दिसेनासा होईपर्यंत मी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

बाजाराच्या दिवशी कोंडाबाई गावाकडं आली आणि मिलोचं गठुडं माझ्या उंबऱ्यावर ठेवलं. "तुजा आहेर," ती म्हणाली. "आत्यानं समद्या जोड्यांकडनं मूठ मूठ काढलाय. न्हाय म्हणायची कुणाची टाप हाय?" पुढच्या बाजारीही गठुडं आलं. त्या मिलोवर मी जगत होते आणि पोटातलं पोर जगत होतं.

त्याच्या पुढच्या बाजारी कोंडाबाईबरोबर आत्याची दोन्ही नातवंडं होती. भर उन्हात खोदता खोदता आत्या कोसळली होती. दिवस मावळायच्या आत गेली.

"लेकरं कुणाकडं द्यायची म्हणून इचारलं," कोंडाबाई खाली बघत म्हणाली, "तर तुजंच नाव घेतलं तिनं."

घरात वाटीभर पीठ उरलं होतं. मी चुलीवरच्या कण्यांत आणखी एक तांब्या पाणी ओतलं आणि लेकरांना आत बोलावलं.