खळीनं चिकटवलेली नावं

सावली गावातल्या आमच्या घराला रस्त्याच्या तोंडावर एकच खोली, आणि तिथे आमच्या ह्यांचं गॅरेज. गॅरेज म्हणायचं, पण गाडी कुठे होती? प्रवाशांची जीप विकून जमाना झाला. गाडी गेली, तिचे सुटे भाग मात्र राहिले. क्लच प्लेटा, बेअरिंगा, ऑइल सील, कमानीचे पाटे. तेलाच्या पिप्यांत, आंब्याच्या पेट्यांत, माझ्या जुन्या पातेल्यातसुद्धा.

मला तिथे शिलाईचं दुकान टाकायचं होतं. आतल्या खोलीत मशीन चालवली तर ब्लाउज टाकायला कोण येणार? गिऱ्हाइकाला रस्त्यावरून दिसलं पाहिजे. पण विषय काढला की हे म्हणायचे, "हे फेकाचं नाई व. जुन्या जीपचा माल कुठीच भेटत नाई आता. भामरागडाकडले ड्रायव्हर मलेच फोन करतेत."

या उन्हाळ्यात माझं डोकं सरकलं. सरळ सांगून टाकलं, "बुद्धपौर्णिमेपर्यंत नावं लावून सगळं अर्ध्या खोलीत बसवा जी. अर्धी खोली माही. नाई बसलं, तर कबाडीवाल्याले देते."

माणूस जिद्दीचा. एकेक वस्तू घासली, ग्रीस लावलं, चिंधीत गुंडाळून सुतळीनं बांधली, आणि कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर झोकात नाव लिहून वर चिकटवलं. 'मागच्या चाकाचं बेअरिंग, आतलं.' 'मागच्या चाकाचं बेअरिंग, बाहेरचं.' मला हसू यायचं, पण अर्धी खोली खरंच मोकळी झाली होती. मशीन कुठे ठेवायची, तेही मी ठरवून टाकलं.

चिकटवायला काय वापरलं, तर खळ! "घरी तांदळाचं पीठ पडून आहे, डिंक कायले?" आमच्या धानाच्या मुलखात पिठाला काय तोटा! खळीत मोरचूद टाकला नाही तर उंदीर येतात, हे ह्यांना चांगलं माहीत. पण घरात मोरचूद नव्हता, आणि ह्यांच्यात धीर तर कधीच नव्हता.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी दार उघडलं तर, अवो माय! उंदरांची पंगत जेवून उठलेली. खळीसकट नावं फस्त. कुठे 'मागच्या' उरलेलं, कुठे नुसतं 'चं'. बोचकी सगळी एकसारखी. हे एकेक सोडून पाहायला बसले, आणि दुपारपर्यंत माझी मोकळी अर्धी खोलीही भरून गेली.

संध्याकाळी कबाडीवाला ठेला घेऊन दारात हजर. मीच सांगून ठेवलं होतं त्याला. हे फरशीवर बसलेले, हात काळेकुट्ट. वर न पाहताच म्हणाले, "ने म्हण त्याले. शर्त म्हंजे शर्त."

मी जिंकले होते, पण मला रागच आला. उंदरांनी मिळवून दिलेली खोली कोणाला पाहिजे होती? आणि जन्मभर माझ्याशी तोंडाला तोंड देणारा माणूस असा हार मानून बसलेला मला पाहवेना. कबाडीवाल्याला मोडकी लोखंडी खाट देऊन वाटेला लावलं. "उठा जी, धरा एका बाजूनं," म्हटलं आणि आम्ही दोघांनी मशीन गॅरेजात आणली. ते बोचकं सोडून, ओळखून नाव सांगायचे, मी उरलेल्या अस्तराची पिशवी शिवून तिच्यावर लाल दोऱ्यानं ते नाव काढायची.

"आता पिशव्याच खाल्ल्या तं?"

"मंग मांजर पाळा."

तेव्हा कुठे हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं तेच चाललं होतं, दार सताड उघडं. पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला निघालेली एक बाई मशीनचा आवाज ऐकून थांबली. "ब्लाउज शिवून देता का बाई? घरी लग्न आहे."

मी खाली पाहिलं. पाय ठेवायला जागा नव्हती. चार दिवसांनी या, असं म्हणणारच होते, तेवढ्यात हे उठले. "शिवते ना! या, या. दुकान आजच सुरू झालं." आणि उरलेली बोचकी दोन्ही हातांनी ओढत थेट अंगणात नेली, उन्हात. परत येऊन चटई अंथरली.

"टेप कुठी आहे व तुही?"

माझे डोळे भरून आले. कोणाला दिसू नये म्हणून मी मशीनखाली वाकून टेप शोधत राहिले. टेप माझ्या गळ्यातच होती.