दोन सॉफ्टवेअर आणि एक सासरा

कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून कुणाचा जावईपणा धोक्यात येत नाही. माझा आला होता.

आमच्या तेलगावात माझी बायको सुषमा घरीच लग्नपत्रिका तयार करते. डिझाइन तिचं, कॉम्प्युटर माझा (लग्नाआधी घेतलेला, आणि ते दिसतंही). बटण दाबलं की गिऱ्हाईक चहा प्यायचं, कप खाली ठेवायचं, आमच्या सोयऱ्यांची कोणती पोर कुठं दिली याची चौकशी करायचं, तरी पडद्यावर आपलं गोल फिरतच. अशात सुषमाच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. पत्रिका अर्थातच आमच्याकडं. ती पसंत करायला मामा, म्हणजे माझे सासरे, रविवारी त्यांच्या गावाहून, कड्याहून, येणार होते. फोनवर ते सहज म्हणाले, "जावईबापू, तुमचं यंत्र चालत नसंल तर सांगा. मी नवं घिऊन येतो."

सहज म्हणाले, पण मला ते लागलं. सासऱ्यानं दिलेल्या कॉम्प्युटरवर बायको काम करणार आणि मी शेजारी बसून त्याची धूळ पुसणार?

"गरजच न्हाई मामा," मी म्हटलं. "किरकोळ काम हाय. रविवारी बघा कसा पळतो."

मग शोधाशोध केली. कळलं ते असं, की डिस्कवर एकेका फाइलीचे तुकडे होऊन चहूकडं पडलेले असतात आणि ते एका जागी आणायला डीफ्रॅगमेंटचं सॉफ्टवेअर लागतं. सुषमाला समजावून सांगितलं, "आपलं रान बघ. एक तुकडा वढ्याला, एक माळावर, एक पार शिवेला. निम्मा दिवस हिंडण्यातच जातो. तसंच झालंय ह्याचं."

"मग तुमी रान कावून न्हाई केलं एका जागी?"

हा प्रश्न विषयाला सोडून होता.

असली सॉफ्टवेअर ढिगानं होती. प्रत्येक फुकट, प्रत्येक सगळ्यात भारी. एवढ्यातून निवडायचं कसं? शहाणा माणूस वाचून ठरवतो. मी नातेवाइकांना विचारलं. नांदूरघाटचा माझा साडू रमाकांत ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. त्यानं लगेच एकाचं नाव सांगितलं. "साडूभाऊ, हेच टाका. डोळं झाकून टाका." स्टँडवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला माझा चुलतभाऊ दिगंबरदादा तर पेनड्राइव्हमधून दुसरंच घेऊन घरी आला. "नांदूरघाटवाल्याचं ऐकतो व्हय बे? हे घे. घरचं हाय."

झाली का पंचाईत? आमच्याकडं एखाद्याला फेटा बांधायचा राहिला तर तो पुढच्या लग्नापर्यंत बोलत नाही. आणि इथं लग्न तर तोंडावर आलेलं. साडू दुखावून चालणार नव्हता, दादा तर अजिबात नाही. म्हणून आमच्या घराण्यानं आजवर जे केलं तेच मी केलं. दोघांचाही मान राखला. दोन्ही सॉफ्टवेअर टाकली, आणि आधी कुणाचं हा वादच नको म्हणून दोन्ही एकदमच सुरू केली.

पडद्यावर डावीकडं साडूचे रंगीत चौकोन, उजवीकडं दादाचे. साडूचं सॉफ्टवेअर तुकडे गोळा करून पुढं ठेवायचं. दादाचं म्हणायचं ही जागा नव्हं, आणि उचलून मागं टाकायचं. बांधावरून भांडणाऱ्या भावकीसारखं चाललं होतं. आतून मिरची कांडपाच्या गिरणीचा आवाज यायला लागला.

तेवढ्यात रमाकांतचा फोन. "माझं किती टक्के झालं?"

"मगाशी जास्त होतं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

दादा तर समोर खुर्ची टाकूनच बसला. "त्याचं बंद कर."

"दादा, साडू हाय तो."

"अन् मी कोण हाय?"

शनिवारी सकाळी सगळंच थांबलं. चौकोन हलेनात, माउस हलेना. मेव्हण्याची पत्रिका आत अडकलेली आणि मामा उद्या दारात. सुषमानं शांतपणे वडिलांना फोन लावायला मोबाइल उचलला. "अण्णांना सांगते, नवं आणा म्हणून."

आता मात्र माझं डोकं फिरलं. गेला मान खड्ड्यात. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, दोन्ही सॉफ्टवेअर काढून टाकली आणि रागारागानं दिसेल तिथं क्लिक करत सुटलो. तेव्हा सापडलं. डीफ्रॅगमेंटची सोय कॉम्प्युटरात आधीपासूनच होती. पहिल्या दिवसापासून. फुकट, आणि कुणाचीच नातेवाईक नसलेली. दाबलं बटण.

दादानं संशयानं विचारलं, "हे कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाई."

"मग हरकत न्हाई," दादा म्हणाला आणि समाधानानं चहा मागितला.

दिवसभर ते यंत्र गुमान काम करत राहिलं. रविवारी मामा जीपमधून उतरले, टेकले, आणि मी त्यांच्यासमोर बटण दाबलं. चहा यायच्या आत पत्रिका पडद्यावर. मामांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "आधीच चालू ठिवलता का?"

मी बंद करून पुन्हा चालू करून दाखवला. (मग आणखी एकदा. त्याची गरज नव्हती.) मामांनी पाठीवर थाप मारली. "सुषमा, जावई लई हुशार निघाला गं!" सुषमानंही माझ्याकडं बऱ्याच वर्षांनी त्या नजरेनं पाहिलं. खरं सांगतो, स्वतःच्या लग्नात घोड्यावर बसलो तेव्हाही एवढा ताठ नव्हतो.

पत्रिका पसंत झाली. मामा दारात गेले आणि ड्रायव्हरला ओरडले, "ते खोकं उतरवू नको रं."

"कसलं खोकं मामा?"

"नवा कॉम्प्युटर आणलता तुमच्यासाठी. भारीतला हाय. पण तुमचा तर पळतोय. आता जाता जाता नांदूरघाटला दितो. रमाकांतचा लई रडतोय म्हणं."

जीप वळेपर्यंत मी हसतमुखानं हात हलवत उभा होतो.

पुढच्याच आठवड्यात रमाकांतचा फोन आला. "साडूभाऊ, मामांनी दिलेला कॉम्प्युटर काय पळतोय म्हणून सांगू! पण तुमचा जुना असून पळाला म्हणं. कशानं पळाला, माझ्या सॉफ्टवेअरनं का दादाच्या?"

मी आमच्या पडद्याकडं पाहिलं. पुन्हा गोल फिरायला लागलं होतं.

"दोघांच्याही," मी म्हटलं. "तुमी पण दोन्ही टाका. आणि एकदमच चालवा."