मावशींना वाचून दाखवलेल्या बातम्या

वर्तमानपत्राच्या कामात पंधरा वर्षं काढली, पण पनवेलच्या मासळी बाजारातल्या मावशींइतका कडक संपादक मला दुसरा भेटला नाही, आणि मावशींना तर सहीपुरतंही अक्षर येत नव्हतं. उरणकडच्या कोळीवाड्यातल्या त्या. सकाळी पाट्या घेऊन टेम्पोतून उतरायच्या आणि दुपारपर्यंत ओट्यावर बसून मासळीबरोबर अख्ख्या बाजाराचा समाचार घ्यायच्या. मी तेव्हा इथल्या एका साप्ताहिकात नवी होते. खाडीतली मासळी कमी झाली, या विषयावर त्यांना बोलतं केलं, वही मिटली आणि निघाले, तर मावशी म्हणाल्या, "लिवशील ते आदी मला वाचून दाखव. मंग छाप."

छापण्याआधी मजकूर कुणालाही दाखवायचा नाही, असा आमच्या संपादकांचा नियम होता. दाखवला की लोक आपलंच म्हणणं फिरवतात. मी तो नियम मावशींना नीट समजावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तू माज्याकडून पापलेट घेतेस तवा कल्ला उघडून बघतेस ना, बाय? मी कदी नाय बोलले?" शेवटी तडजोड झाली. बातमी दाखवायची नाही, फक्त त्यांच्या तोंडची वाक्यं वाचून दाखवायची.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यासमोर उभी राहून वाचलं, "'पारंपरिक मच्छीमारांवर उपासमारीची वेळ आली आहे,' असे त्यांनी सांगितले." मावशींचा कोयता थांबला. "हे मी बोलले? हे तर टीव्हीवरचा माणूस बोलतो. मी बोलले, पयले पाटीभर बोईट यायची, आता ताटभर येतात." खरंच, वहीत तसंच होतं. 'वयोवृद्ध' हा शब्दही त्यांनी काढायला लावला. म्हातारी माणसं घरी बसतात, म्हणाल्या. मग ही पद्धतच पडली. मी वाचायचे, शेजारच्या ओट्यांवरच्या बायका मतं द्यायच्या, आणि कोळंबी घ्यायला येणारे एक निवृत्त मास्तर, कागद न बघताच, ऱ्हस्व-दीर्घ तपासलंय का म्हणून विचारायचे. एकदा या चर्चेत कुणाच्या तरी सुरमईचे तुकडे बोटभर जाड झाले. गिऱ्हाईक कुरकुरलं, तेव्हा मावशींनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

मग बाजाराची नवी इमारत झाली. विक्रेत्यांच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणजे मावशींचे सख्खे दीर. दारासमोरचे ओटे त्यांनी आपल्याच माणसांना दिल्याचं मावशींनी मला सांगितलं. बाकीच्या बायकांनीही ते खरं असल्याचं सांगितलं, पण उघड बोलायला कुणी तयार नव्हतं. अंक संध्याकाळी छपाईला जाणार होता. मी मावशींची वाक्यं वाचून दाखवली. त्यांनी कोयता खाली ठेवला. आता घरच्या माणसासाठी शब्द मागे घेणार, माझी बातमी गेली, असं मी धरून चालले.

"ही 'एक विक्रेती' कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, मावशी. घरात भांडण नको, म्हणून नाव नाही घातलं."

"बोलले मी, आन् शाबासकी तिला? नाव घाल. नवऱ्याचंबी घाल. माज्या नावाच्या तिगी हायत बाजारात."

मी पुन्हा पुन्हा विचारलं. त्यांनी होकाराची मान हलवली आणि बांगडे साफ करायला घेतले.

बातमी आली. दिरांनी दोन सण मावशींच्या घरात पाऊल ठेवलं नाही, पण ओटे मात्र चिठ्ठ्या टाकून पुन्हा वाटले गेले. मावशींच्या वाट्याला गटाराशेजारचा, अगदी शेवटचा ओटा आला. मला वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "चिठ्ठी मीच उचलली ना?" आणि पदराने ओटा पुसून बसल्या. नारळी पौर्णिमेला दीर आपणहून आले, तेव्हा त्यांना वाढताना मावशींनी नेहमीपेक्षा एक नारळीपोळी जास्तच वाढली, असं मावशींनीच मला मोठ्या अभिमानाने सांगितलं.

आता मावशी घरीच असतात. गुडघे गेले, कानही गेले. मागच्या महिन्यात बाजारातल्या जुन्या बायकांवर लेख लिहिला, तेव्हा त्यांच्याकडे गेले. कानाशी तोंड नेऊन मोठ्याने वाचत होते. प्रत्येक वाक्याला मावशी हसून म्हणत होत्या, "बरोबर हाय." एकही शब्द त्यांनी अडवला नाही. सून हळूच म्हणाली, "त्यांना ऐकायला येत नाय. पण तुमी आल्या म्हणून खूश हायत." तरी मी शेवटपर्यंत वाचलं.

परतताना पळस्पे फाट्यावर गाडी बराच वेळ अडकली. मी कागद बाहेर काढले आणि मावशींचं एकेक वाक्य जुन्या वहीशी ताडून पाहू लागले. दोन ठिकाणी मी त्यांच्या तोंडी माझे शब्द घातले होते. ते खोडले आणि त्यांचे लिहिले.