जाळीच्या आतला हात

नांदेडात आमच्या कॉलनीतल्या बोअरच्या मोटारी एकच मिस्त्री दुरुस्त करतो. काहीही विचारा, आधी "हाव सर, बघून राहिलो" म्हणतो आणि मग बराच वेळ गप्प. या गप्प बसण्यालाच लोक हुशारी समजतात, याचा मला फार राग येतो.

माझ्या मेहुण्याला घरच्यांना धरणावर फिरवण्यासाठी जुनी जेट बोट, म्हणजे तळातून पाणी ओढून मागे फेकत धावणारी बोट, घ्यायची होती. बोट लातुरात होती. कॉलेजात फिजिक्स शिकवणारा मी महिनाभर व्हिडिओ बघून तयार झालो होतो. तरी मेहुण्याने या मिस्त्रीलाही गाडीत घेतलं. याने आयुष्यात असली बोट पाहिली नव्हती.

मी मालकाला इंजिन किती तास चाललंय, सर्व्हिसिंग कधी झालं, सगळं विचारलं. याने चप्पल काढली, ट्रेलरखाली उताणा झोपला, बोटीच्या तळाची जाळी सोडवली आणि डोळे मिटून कोपरापर्यंत हात आत घातला.

"हा तर आपला पंपच हाय," तो म्हणाला. "लई वाळू खाल्ली यानं. पंखा अन् घेराच्या मधी करंगळी जाऊन राहिली. नख बी जायला न्हाई पायजे."

मालकाने मान खाली घातली. मेहुण्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "मग मिस्त्री, निघायचं का?"

सगळे चहाला गेल्यावर मी गुपचूप ट्रेलरखाली शिरलो. हात घातला. गार लोखंडापलीकडे काही कळेना.

"सर," मागून त्याचा आवाज आला, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतका हळू, "डोळे मिटून बघा."

मी मिटले. तरी मला त्याचाच चेहरा दिसत राहिला.