एकशे एक्याऐंशी पौंड

यंत्राला स्वतःचं अंग ठाऊक नसतं, असं सांगितलं की लोक हसतात. पण माझा धंदाच तो आहे. बोर्डावर सेन्सर बसवला, तारा जोडल्या, तरी आतल्या प्रोग्रामला तो दिसत नाही. त्याच्यासाठी एक साधी मजकुराची फाइल लिहावी लागते. तिला डिव्हाइस-ट्री म्हणतात. अमुक तारेवर, अमुक पत्त्यावर, अमुक जातीचा सेन्सर आहे, असं त्यात लिहायचं. फाइलीत जे असेल ते प्रोग्रामचं जग. खोटं लिहिलं तर तो खोट्यावर विश्वास ठेवतो आणि हूं की चूं करत नाही. हे काम मी अकरा वर्षं करते आहे, आणि त्यात मला कोणी शिकवावं असं मला वाटत नसे.

आमचं ऑफिस नागपूरजवळच्या वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामावर. चार माणसं, दोन कूलर, आणि खाली ट्रक मागे आला की टेबलावरचा चहा हलतो. उन्हाळ्याच्या तोंडावर भिवापूरकडच्या एका मिरचीच्या कोल्ड स्टोरेजचं काम आलं. तिथे अमोनियावर चालणारा जुना कॉम्प्रेसर होता. त्यातून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब आणि तापमान मालकाला घरबसल्या मोबाइलवर पाहायचं होतं. दाब फार चढला तर नळी फुटते, अमोनिया खोलीभर पसरतो, आणि आत जो असेल त्याचे डोळे आणि फुप्फुसं जातात. त्या खोलीत बहुतेक वेळ एकच माणूस असायचा. तिथला ऑपरेटर, साठीच्या घरातला, सत्तावीस वर्षं त्याच मशीनजवळ उभा राहिलेला. मी त्यांना काकाजी म्हणे, ते मला मॅडम.

सेन्सर वेळेवर आला नाही आणि मालकाला डेमो तर हवाच होता. मग मी फाइलीत एक खोटा सेन्सर लिहिला. यात पाप काही नाही, वस्तू हातात नसली की आम्ही सगळेच लिहितो. त्याला आकडे कुठले द्यायचे म्हणून काकाजींनाच फोन केला.

"दाब सकाळी एकशे ऐंशी पौंडाच्या आसपास राहते पहा," ते म्हणाले. "अन् गरमी म्हनाल त शंभराच्या आत. पन मॅडम, दुपारचं काही खरं नाही."

"दुपारचं राहू द्या काकाजी, मला सकाळचंच पुरे."

एकशे एक्याऐंशी पौंड, अठ्ठ्याण्णव अंश. आकडा मेल्यासारखा स्थिर दिसू नये म्हणून मी त्याला थोडं वरखाली थरथरायलाही शिकवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच. डेमो झाला. मालक खूश.

दहा दिवसांनी खरा सेन्सर आला, बोटाएवढा, स्टीलचा. तो बसवायला नळीला एकच भोक होतं आणि त्यात काकाजींचं काट्याचं गेज होतं. मशीन थांबवून फिटरने ते काढलं तेव्हा काकाजी बाजूला उभे होते.

"हे काहून काढून राहिले मॅडम? दोन्ही नाही का राहत?"

"एकच जागा आहे. आणि हे जुनं झालंय काकाजी. आता काच पुसत बसायला नको."

त्यांनी ते गेज दुपट्ट्यात गुंडाळून खिडकीत ठेवलं. मशीन पुन्हा सुरू केलं. सकाळची वेळ होती. गेजचा शेवटचा आकडा एकशे ऐंशी, आणि माझ्या स्क्रीनवर एकशे एक्याऐंशी. अगदी जुळलं! मी टाळी वाजवली.

आता जे सांगते ते मला नऊ दिवस कळलं नव्हतं. त्या फाइलीत एक ओळ टोपणनावाची असते. 'कॉम्प्रेसरचा सेन्सर कोणता?' असं प्रोग्राम विचारतो आणि ती ओळ बोट दाखवते. खरा सेन्सर मी फाइलीत नीट लिहिला होता, पत्ता बरोबर होता, बोर्ड सुरू होताना 'सेन्सर सापडला' असा संदेशही आला होता. तो संदेश वाचून मी जेवणाचा डबा उघडला. टोपणनावाच्या ओळीचं बोट मात्र अजून खोट्याकडेच होतं. खरा सेन्सर नळीत बसून खरा दाब मोजत होता आणि त्याला विचारणारं कोणी नव्हतं. स्क्रीनवर काकाजींनीच मला फोनवर सांगितलेली सकाळ चालू होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला त्यांचा फोन आला. "मॅडम, मशीन भारी चालून राहिली. आवाज जड येते. पन तुमचं यंत्र एकशे ऐंशीच सांगते."

"मग एकशे ऐंशीच असेल. नवा सेन्सर आहे काकाजी."

तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा, आणि तेव्हा मी चिडले. मी चिडते, ही माझी जुनी खोड. म्हटलं, "काकाजी, कान आणि सेन्सर यांत सेन्सरवर विश्वास ठेवायचा असतो. सत्तावीस वर्षं त्या आवाजात काढल्यावर कान थोडे इकडेतिकडे व्हायचेच."

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. मला तो ऐकू येत होता, पण मी काही ऐकत नव्हते. "असंन मॅडम," ते म्हणाले. सहाव्या दिवसापासून फोन यायचे बंद झाले आणि मला हायसं वाटलं. त्या आठवड्यात नागपूर सेहेचाळीसवर गेलं होतं.

नवव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"मॅडम, नळीवर पानी सांडलं त थेंब उडून राहिले. टणाटण. बंद करू का मशीन? मालक म्हनते, स्क्रीन दोनशे वीस सांगत नाही तोवर बटनाले हात लावू नको, माल सडंन."

"आणि कटआउट? दाब चढला की तो मशीन बंद करतो ना?"

"तो कुठचा आता. दुपारून दुपारून मशीन बंद पाडे म्हनून मालकानं त्याले वगळून तार बाहेरूनच जोडून टाकली. मागच्याच साली."

"दोन मिनिटं थांबा," असं मी म्हटलं. हे माझे शब्द आहेत आणि मी ते विसरू शकत नाही. त्यांना खोटं पाडायला मी नऊ दिवसांचा आलेख उघडला. पहाट, दुपार, संध्याकाळ, सगळीकडे एकच सरळ पट्टी. एकशे एकोणऐंशी ते एकशे त्र्याऐंशी, थरथरणारी. ती थरथर मी ओळखली. आणि अठ्ठ्याण्णव अंशांवर पाण्याचा थेंब उडत नाही, हे तर शाळेतलं पोर सांगेल. फाइल उघडली, ती ओळ दिसली.

मी काकाजींना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. सहा वेळा लावला. त्याच दरम्यान ओळ बदलली, लांबूनच नवा प्रोग्राम बोर्डावर चढवला, आणि स्क्रीनवर पहिल्यांदा खरा आकडा आला. दोनशे सत्तर. मी जागेवर उभी राहून देवाचं नाव घेत होते, आणि मी देवाचं नाव घेणारी बाई नाही. मग दोनशे त्रेसष्ट. दोनशे एक्कावन्न. आकडा उतरत होता. मशीन बंद झालं होतं की नळी फुटून गॅस चालला होता, हे आकडा सांगत नव्हता. दोन्हींत तो असाच उतरतो.

वीस मिनिटांनी एका हमालाच्या मोबाइलवरून काकाजींचा फोन आला. दोन मिनिटं थांबले होते ते, माझ्या सांगण्यावरून. मग बटन दाबून बाहेर पळाले, फोन आत राहिला. मालकाने मोबाइलवर, मी ओळ बदलण्याआधीचे, एकशे ऐंशी पाहून हमालांसमोर त्यांना वाट्टेल ते बोलून घेतलं आणि घरी जायला सांगितलं.

मालकाला मी तेव्हाच फोन करून सगळं सांगितलं. शिव्या खाल्ल्या. त्या माझ्याच वाट्याच्या होत्या. कटआउटची तार आजच्या आज पूर्ववत करा, नाहीतर मशीन सुरू करू देणार नाही, असंही बजावलं. ओशाळून मालक म्हणाले, काकाजींना परत घेऊन या. दुसऱ्या सकाळी मी भिवापूरला त्यांच्या घरी गेले. काकाजी ओसरीवर बसले होते. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं.

"काकाजी, चूक माझी होती. तुमचे कान बरोबर होते. चला, मालकांनी बोलावलंय."

"सांगितलं त्याहीनं," ते म्हणाले. मग पहिल्यांदाच मॅडम सोडून बोलले. "पोरी, वाईट नको वाटून घेऊ वं. पन तू रोज म्हने, सगळं ठीक हाय. मले आवाज येत होता अन् मीच मनाले सांगून राहिलो, बुढ्ढा झालास, कान गेले. सहाव्या रोजी त आवाज यायचाच बंद झाला. मशीन तशीच बोंबलत होती, पन मले ऐकू येनं बंद झालं. ते पानी सांडलं म्हनून वाचलो. आता तिथं उभा राहिलो त कोनता आवाज खरा, कोनता मनाचा, हे मले नाही समजनार. असा मानूस त्या खोलीत नाही पाहिजे."

मी खूप विनवलं. रडलेही. ते माझी समजूत घालत राहिले, पण आले नाहीत.

तिथे आता दुसरा ऑपरेटर आहे. कटआउट जोडलेला आहे, गेजसाठी वेगळं भोक पाडून घेतलं आहे, आकडा खरा येतो. नवा माणूस कानात इयरफोन घालून स्क्रीनसमोर बसतो आणि मला कधीच फोन करत नाही. दुपारी दोन वाजले की मीच लावते आणि मशीनचा आवाज कसा आहे म्हणून विचारते.

"स्क्रीनवर ठीक आहे मॅडम," तो म्हणतो.