शिंकेचा हार

आमच्या घराण्यात दोन पदरी सोन्याचा एक हार आहे. तो मी शिंकून केला.

ही गोष्ट मी घरात कधी बोललो नाही. (एका व्यक्तीला सांगितली, ती पुढे येईल.) मुळात मी कमी बोलणारा, त्यात या हारानं माझी वाचाच बसवली. पण आता आई नाही, अप्पा नाहीत, मामाही नाही. रागावणारं कुणी शिल्लक नाही म्हटल्यावर मला धीर आलाय!

सत्तरनंतरची दोनचार वर्षं मी सोलापुरात बशीरभाईंच्या स्टुडिओत फोटो रंगवायचो. रंगीत फोटो तेव्हा क्वचित. काळ्या-पांढऱ्या फोटोवरच कापसाच्या बोळ्यानं आणि बारीक ब्रशनं पातळ रंग चढवायचे. गालाला गुलाबी, लुगड्याला हिरवा, की फोटो थेट हातानं काढलेल्या चित्रासारखा दिसे. देवीचे वण बुजत, टकलावर केस उगवत. गिऱ्हाईक स्वतःच्याच फोटोला नमस्कार करून घरी नेई!

माझ्या लग्नाचं घाटत होतं. वैरागची मंडळी घर बघायला येणार, तर भिंतीवर काहीतरी हवं, म्हणून मी आईचा फोटो मोठा करून रंगवायला घेतला.

"गालाचे वण तेवढे घालव रं," आई म्हणाली. "बाकी मला नटवू नगंस."

गळ्यात तिच्या नुसती काळी पोत. मी लुगड्याच्या काठासाठी ब्रशवर पिवळा रंग घेतला, आणि नेमकं शेजारच्या घरात शेंगाचटणीसाठी तिखट कुटायला सुरुवात झाली. असा शिंकलो म्हणता! पिवळा थेंब थेट आईच्या छातीवर. हा रंग कागदात मुरतो, पुसला की पसरतो. मी पुसला. तो पसरला. मग त्याचा मणी केला. एकटा मणी गळू आल्यासारखा दिसायला लागला, म्हणून सोबतीला आणखी मणी. मग माळ. माळ एका अंगाला कलली, म्हणून दुसरा पदर. खाली एक ओघळ राहिला होता, त्याचं पदक झालं.

बशीरभाई मागून डोकावले. "इत्ता सोना कायकू रे?"

"शिंक आली, भाई."

"खाँसी आती तो मुकुट बी पिनाता क्या?"

आईनं फोटो बघितला. बराच वेळ बघितला. वणांबद्दल अवाक्षर नाही. "बरा आलाय," एवढंच म्हणाली आणि पदर असा सावरला, जसा काही हार खरोखरच गळ्यात आहे.

पाहुणे आले. मुलीचे वडील तात्या बशीतला चहा फुंकत फोटोसमोर उभेच राहिले.

"इहिनबाई, हार लई देखणा हाय की!"

मी तोंड उघडलं. आई लाजून हसली. मी तोंड मिटलं.

"आमचं काय मागणं न्हाई," तात्या म्हणाले, "पर लग्नात ह्योच हार आमच्या सुमनच्या गळ्यात घाला. सासूचा हार सुनंला. बास!"

आता सुमन मला पसंत होती. नुसती पसंत? तिला वैरागला पाहून आल्यापासून मी गिऱ्हाइकांच्या बायकांना तिचीच हनुवटी काढत होतो. (दोन नवरे भांडून गेले.) त्या सुमनच्या आणि माझ्या मधे आता शिंक आडवी आली होती!

पाहुण्यांची पाठ वळली आणि अप्पांचा आवाज चढला. "कवा केलास गं ह्यो हार? मला न सांगता?"

"आवो, त्यो फोटूतला हाय."

"फोटूत हाय म्हंजे आसणारच की! फोटू खोटं बोलतोय व्हय?" (ज्याचा मुलगा दिवसभर टकलांवर केस काढतो, त्या बापाचं हे वाक्य!)

आई भडकली. "तुमी जलमात एक मणी केला न्हाईसा! माज्या म्हायेरचा हाय त्यो. भावाकडं ठिवलाय, श्रीपूरला!"

दुसऱ्या दिवशी अप्पांनी श्रीपूरची एसटी धरली. मामा तिथं साखर कारखान्यात होता. "हार काढा!" म्हणून अप्पा दारातच उभे. "कुठला हार?" असं मामानं विचारलं, ते आतून मामीनं ऐकलं, आणि नवऱ्यानं बहिणीचा हार परस्पर कुणा दुसरीच्या गळ्यात घातला अशी तिची खात्रीच झाली. संध्याकाळी अप्पांच्या मागोमाग मामा आमच्याकडे राहायला आला. वळकटीसकट!

"आक्का, माजा संसार वाचीव," मामा रडकुंडीला आला.

"घावंल कुटंतरी," आई म्हणाली.

खरं सांगावं, तर आई सगळ्यांदेखत खोटी पडते. न सांगावं, तर लग्न मोडतं. तेव्हा कमी बोलणारा माणूस जे करतो तेच मी केलं. पळालो! पण पळालो ते थेट वैरागला.

तात्या बाजारात गेले होते. सुमन ज्वारी पाखडत होती. उंबऱ्यात उभ्या उभ्याच मी तिला शिंकेपासून पदकापर्यंत सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे हार न्हाईच?"

"न्हाई."

"आन हे सांगाया तुमी सोलापुरास्नं आलासा?"

"व्हय."

तिनं पदर तोंडात कोंबला, पण हसू मावेना. सुपातली ज्वारी अंगणभर झाली. मग डोळे पुसत म्हणाली, "तात्यास्नी मी सांगते, जुन्या घडणीचं जड सोनं मला नगं म्हणून. पर एक अट हाय."

"काय?"

"लग्नाच्या फोटूत मलाबी घालायचा. तसाच. दोन पदरी!"

लग्न झालं. आईनं मामीला सांगावा धाडला, की हार घरातच सापडला, आणि मामा वळकटी उचलून परत गेला. असा तो हार आमच्या घराण्यात रीतसर आला. सुमनच्या फोटोत मी तो जीव ओतून रंगवला. वर बाजूबंद घातले. (या वेळी न शिंकता.)

परवा आमची नवी सून भिंतीवरचे दोन्ही फोटो पुसता पुसता थांबली आणि सुमनला म्हणाली, "आई, हा हार कुठं असतो हो?"

मी वर्तमानपत्राच्या आड गेलो.

सुमननं पदर सावरला, अगदी आईसारखा. "लॉकरात हाय गं. तुझ्या डोहाळजेवणाला काढू की!"

आता सुनेला दिवस गेलेत. तिच्या फोटोसाठी माळ्यावरची रंगांची पेटी मी खाली काढली आहे, पिवळा रंग भिजत घातला आहे. शेजारच्या काकूंना तेवढं तिखट कुटायला सांगायचं राहिलंय.